खाजकुइरीचं बी मोजताना

"मंगलताई, जरा त्या दारापर्यंत चालत जा आणि परत या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी गेले, वळले, आले. खांदा दुखतो म्हणून आलेल्या बाईला चालायला कशाला लावतात, हे मला कळेना. मग त्यांनी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट चिमटीसारखं भराभर उघडायला-मिटायला सांगितलं. उजव्या हातानं मी ते झटझट केलं. डाव्या हाताची चिमूट आधी मोठी उघडली, मग लहान, मग आणखी लहान, आणि शेवटी बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी थांबलीच. मी हाताकडे बघत राहिले. हात माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता.

"चालताना तुमचा डावा हात अजिबात हलत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "खांदा दुखतोय तोही त्यामुळेच. हा पार्किन्सन्स आहे."

शेजारी आमचे हे बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस; बिघाड म्हटलं की तो ऐकू यायला हवा, दिसायला हवा. त्यांनी विचारलं, "म्हंजे कंपवात न्हवं? पण डॉक्टरबाई, हिचा हात कुठं थरथरतोय?"

"सगळ्यांचा थरथरत नाही. निदान सुरुवातीला तरी. काहींचं शरीर आधी संथ होतं आणि ताठरतं."

बाहेर आलो. कोल्हापुरात त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं आणि रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती. आम्ही रिक्षात बसलो. मग हे म्हणाले, "भूक लागलीया मला." मी हसले. निदान झाल्यावर माझं पहिलं हसू ते. अजून आठवतं.

माझी थोडी ओळख सांगते. फुलेवाडीत आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास. ब्लाउज शिवणं हे माझं काम. साधा ब्लाउज कुणीही शिवेल. पण गळ्याची पायपिंग जागच्या जागी बसणं, कटोरीला चुणी न पडणं आणि हाताचं काज असं घालणं की उलटीकडूनही बघावंसं वाटेल, यासाठी बायका माझ्याकडे लांबून यायच्या. जयसिंगपूरहून लग्नाचा बस्ता घेऊन सरळ माझ्याकडे येणारी घरं होती.

आता मागे वळून बघितलं की कळतं, आजार कधीच आला होता. आम्हीच त्याला ओळखलं नाही. चटणीसाठी खोबरं भाजत होते, ते काळं होऊन धूर निघाला तरी मला वास आला नाही. यांनी मागच्या दारातून ओरडून सांगितलं. वास जाणं हे या आजाराचं फार लवकर येणारं लक्षण असू शकतं, हे मला नंतर समजलं. वास गेला म्हणजे हाच आजार, असं मात्र नाही. सर्दीनंही वास जातो. पण वास गेलाय, बद्धकोष्ठ आहे, एका बाजूचा खांदा आखडलाय, अक्षर बारीक होत चाललंय, असं सगळं एकत्र दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना, दाखवा. मी पुष्कळ महिने खांद्याला तेल चोळण्यात घालवले. फ्रोजन शोल्डर समजून व्यायामही केले. तेल चोळून खांदा चकचकीत झाला, सैल झाला नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी आजार समजावून सांगितला. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन तयार होतं. शरीराला हालचाल करायची तर ते लागतं. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात, का होतात ते पूर्ण ठाऊक नाही. बाहेरून डोपामाइन दिलं तर ते मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा नावाचं औषध देतात. ते मेंदूत शिरतं आणि तिथं गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. गोळीत आणखी एक औषध असतं, कार्बिडोपा. लेव्होडोपा वाटेतच, म्हणजे मेंदूत पोचण्याआधीच खर्ची पडू नये आणि मळमळ कमी व्हावी, हे त्याचं काम.

"बरा होतो का हो हा?" मी विचारलं.

"बरा होत नाही. पण सांभाळता येतो. आणि चांगला सांभाळता येतो."

त्यातलं पहिलं वाक्य मी घरी घेऊन गेले. दुसरं ऐकू यायला मला बराच काळ लागला.

गोळ्या लागू पडल्या. पहिले काही आठवडे मळमळलं, नंतर हात सुटला. कात्री पुन्हा सरळ चालायला लागली. एकच गंमत झाली. रविवारी मटणाचा बेत केला, पोटभर जेवले आणि वरून गोळी घेतली, तर गोळीनं कामच केलं नाही. दुपारभर लाकडासारखी पडून होते. डॉक्टरबाईंनी सांगितलं, मटण, दूध, डाळी यातली प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत शिरतात. दारात मटणाची गर्दी झाली की गोळी बाहेर उभी. तेव्हापासून आधी गोळी, मग थोड्या वेळानं जेवण. तांबडा रस्सा सोडला नाही. फक्त त्याला रांगेत उभं केलं.

अशी काही वर्षं बरी गेली. मग वेअरिंग ऑफ सुरू झालं. म्हणजे पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच आधीच्या गोळीचा जोर ओसरतो. डॉक्टर त्याला 'ऑफ' म्हणतात, आणि गोळी चालू असताना 'ऑन'. दिव्याच्या बटणासारखं. माझं बटण कधी बंद पडेल याचा नेम राहिना. एकदा एका नवरीच्या ब्लाउजला हुका लावत होते. हूक बोटांत धरला आणि बोटं थिजली. नवरीची आई समोर बसलेली. तिनं माझ्या हातातून सुई अलगद काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे ताई, मी लावते." ती चांगुलपणानंच बोलली. पण त्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, क्लास बंद करूया. यांनी पंखा पुसायला घेतला. स्वच्छ पंखा.

त्यांनीच बहुतेक माझ्या भावाला फोन केला असावा. आण्णा, माझा थोरला भाऊ, गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी शेती करतो. दोन-तीन दिवसांनी सकाळच्या एसटीनं तो आला तो हात, मान, पोट सगळं खाजवतच आला. सदऱ्याच्या बाह्या वर, अंगावर लाल चट्टे, काखेत एक पिशवी.

"काय झालं रे आण्णा?"

"खाजकुइरी, दुसरं काय? तुझ्यासाठनं काढाय गेलतो. शेंगा काढताना वारं सुटलं की. शेण फासलं, ताक लावलं, तरी जाईना बग."

खाजकुइरी तुमच्यापैकी खेड्यातल्या लोकांना माहीत असेल. कुंपणावर चढणारा वेल. शेंगांवर सोनेरी मखमल असते, ती अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. आयुर्वेदात तिच्या बियांना कवचबीज म्हणतात. आण्णाच्या पिशवीत दोन पुड्या होत्या. एकीत काळ्या चकचकीत बिया, दुसरीत करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या.

"आपल्या गावच्या वैदूबाबांनी सांगितलंय. कंपवातावर ह्येच औषद. दुधात उकळायचं, साल काढायची, वाटायचं, रोज चमचाभर घ्यायचं. त्या गोळ्या दे टाकून."

हे म्हणाले, "आण्णा, गोळ्यांवर ती चालतीया-फिरतीया. टाकून कसं चालंल?"

"दाजी, झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय व्हय आजवर?"

दोघांचा आवाज चढत गेला. आमच्याकडं माया अशीच, मोठ्यानं बोलून करतात. मी मधे बसले होते. मला खरं सांगायचं तर दोघांचंही पटत होतं. गोळ्यांनी मला चालतं ठेवलं होतं, आणि त्या आता पुऱ्या पडत नव्हत्या. शेवटी मी म्हटलं, "परवा तपासणीला जायचंच आहे. बी तिथं घेऊन जाऊ. डॉक्टरबाईंसमोर ठेवू. आण्णा, तू पण चल."

"त्या हसतील मला."

"हसू देत. मी आहे की."

माझी अपेक्षा होती डॉक्टरबाई रागावतील. त्यांनी पुड्या उघडल्या, एक बी उचलून उजेडाकडं धरलं आणि आण्णाला विचारलं, "मुकुना, म्हणजे खाजकुइरीच. हे तुम्ही स्वतः काढलंत? मग खाज सुटली असेल."

आण्णा एकदम खुलला. "व्हय की! अजून हाय."

त्या म्हणाल्या, "काका, तुमचं बी खोटं नाही. या बियांमध्ये निसर्गतःच लेव्होडोपा असतं. ताईंच्या गोळीत असतं तेच."

आण्णा आमच्या यांच्याकडं बघून म्हणाला, "बगा दाजी. म्हटलं न्हवतं?"

"पण," डॉक्टरबाई पुढं म्हणाल्या, "म्हणूनच मला भीती वाटते. ज्याच्यात काहीच नसतं ते घेऊन फार काही बिघडत नाही. याच्यात खरं औषध आहे. गोळीत औषध किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं. तुमच्या चमचाभर पुडीत किती?"

आण्णानं पुडीकडं बघितलं. मग म्हणाला, "चमचाभर."

आम्ही सगळेच हसलो, तोही हसला. मग डॉक्टरबाईंनी समजावलं. चालू गोळीवर ही पूड घेतली तर लेव्होडोपा जास्त होऊन डिस्कायनेसिया होऊ शकतो, म्हणजे हात-पाय-मान आपोआप वेडेवाकडे हलत राहणं. रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते, भास होऊ शकतात. आणि गोळ्या अचानक बंद केल्या तर शरीर एकदम ताठरून जिवावर बेतू शकतं. हे मी इथं मुद्दाम लिहितेय. तुमच्या घरी कुणी पुडी आणून दिली तर आणणाऱ्याचा अपमान करू नका, पण पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडातही घालू नका.

त्याच वेळी त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या ओळखीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात याच बियांचा अभ्यास चालू होता. तपासलेल्या, मोजलेल्या बियांची पूड आणि नेहमीची गोळी यांची तुलना. माझ्यासारखे, गोळी चालू असलेले पण 'ऑफ' येणारे रुग्ण त्यांना हवे होते. "सक्ती अजिबात नाही. विचार करा," त्या म्हणाल्या.

आम्ही आधी फक्त बघायला गेलो. औषधनिर्माण विभागातले एक सर होते, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. त्यांनी आण्णाच्या दोन्ही पुड्यांतलं थोडं थोडं बी ठेवून घेतलं. अभ्यासात वापरायला नाही. ते बी वेगळं, एका ठिकाणी लावलेलं, तपासून घेतलेलं होतं. फक्त आण्णाला दाखवायला म्हणून. पुढच्या खेपेला त्यांनी कॉम्प्युटरवर दोन आलेख दाखवले. एका पुडीची रेघ उंच डोंगरासारखी, दुसरीची टेकाडाएवढी.

"म्हंजे वो?"

"म्हणजे काका, तुम्हीच काढलेलं बी, पण एकात लेव्होडोपा जास्त, एकात कमी. जमीन वेगळी, जात वेगळी, वाळवणं वेगळं. भाजलं-उकळलं की आणखी बदलतं. चमचा तोच, औषध तेवढंच नाही."

आण्णानं दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. शेवटी एवढंच म्हणाला, "माती बदलली की उसाचा उतारा बदलतोयच की. मग बियांचा का न्हाई बदलणार." त्यानंतर त्यानं 'गोळ्या टाकून दे' हे वाक्य पुन्हा कधी काढलं नाही.

मी अभ्यासात भाग घ्यायचं ठरवलं. यांना भीती होती. "तुझ्यावर प्रयोग करणार व्हय?" असं त्यांनी विचारलं. इन्फॉर्म्ड कन्सेंट म्हणून एक पद्धत असते. म्हणजे सगळं आधी समजावून मगच संमती घेणं. एका मॅडमनी मराठीतून सगळं वाचून दाखवलं. काय होईल, काय त्रास होऊ शकतो, मध्येच सोडता येईल का. यांनी खोदून खोदून विचारलं आणि मॅडम न कंटाळता उत्तरं देत राहिल्या. "केव्हाही, कारण न सांगता सोडता येईल, आणि उपचार तसेच चालू राहतील," हे ऐकल्यावर यांची भीती गेली. माझी भीती वेगळीच होती. काहीच फरक पडला नाही तर? मग पुढं काहीच उरत नाही.

पद्धत अशी होती. दोन वेगवेगळ्या दिवशी जायचं, मध्ये काही आठवड्यांचं अंतर. प्रत्येक वेळी पाण्यात कालवलेली पूड आणि गोळी, दोन्ही द्यायची. पण एका दिवशी पूड खरी आणि गोळी डमी, म्हणजे औषध नसलेली. दुसऱ्या दिवशी गोळी खरी आणि पूड डमी. कुठल्या दिवशी काय, ते मलाही ठाऊक नाही आणि मला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. याला डबल ब्लाइंड म्हणतात. आण्णाला हे फार खटकलं. "डॉक्टरलाच म्हाईत न्हाई काय दिलंय? ह्ये कसलं शास्त्र?" चष्मेवाले सर म्हणाले, "काका, माहीत असलं की डोळे आपल्याला हवं तेच बघतात. तुम्हाला बी जिंकायला हवंय. मलाही कदाचित हवं असेल. म्हणून दोघांचेही डोळे बांधायचे."

तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी, आणि डॉक्टरांच्याच सांगण्यावरून तेवढी सकाळची गोळी न घेता जायचं होतं. हा भाग कठीण. अंथरुणातून उठवायला यांना माझ्या पाठीखाली हात घालावा लागला. चप्पल पायात सरकवेना. रिक्षात यांनी मला दोन्ही हातांनी धरून बसवलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि प्रत्येक खड्ड्याला गाडी इतकी हळू केली की मला रडू आलं.

वॉर्डात माझ्या शेजारच्या पलंगावर शिरोळचे एक गुरुजी होते, निवृत्त शिक्षक. त्यांचा हात जोरात थरथरायचा. माझा थिजायचा. ते म्हणाले, "आपण दोघं मिळून एक चांगला माणूस होतो बघा ताई."

हातात कॅन्युला, म्हणजे वारंवार टोचायला नको म्हणून शिरेत ठेवलेली बारीक नळी. ठरावीक वेळानं रक्त घेत. बसून आणि उभं राहून रक्तदाब. बोटांची चिमूट, पाय आपटणं, खुर्चीतून उठणं, चालून वळणं. सगळ्याचा व्हिडिओ. ग्लासातली पूड कच्च्या हरभऱ्याच्या पिठासारखी लागली, वर थोडा कडवटपणा.

पहिल्या दिवशी बराच वेळ काही झालं नाही. मी छताकडं बघत पडले होते. मग हळूहळू, उन्हात ठेवलेलं तूप पाघळतं तसं, खांद्यापासून खाली सगळं सैल होत गेलं. मी उठून बसले. न सांगता. पर्समध्ये सुई-दोरा आणि एक कापडाचा तुकडा मी आणला होता. सिस्टरना विचारून मी एक काज घातलं. टाके शेजारी शेजारी, एकसारखे. गुरुजींनी टाळी वाजवली. त्यांची टाळी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा वाजली.

आण्णा दारातून बघत होता. मी बाहेर आल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "बीच हुतं ह्ये. लिहून घे माझ्याकडनं."

दुसऱ्या खेपेला मात्र वेगळंच. ग्लास रिकामा केला आणि काही वेळातच शरीर सुटलं. पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर. मला वाटलं, वा! आणि लगेच पोटातून ढवळून आलं. उलटी झाली. सिस्टरनी पाठ चोळली. उभं करून रक्तदाब बघितला तर घसरलेला. पुन्हा झोपवलं, पाय वर केले. हात-पाय हलत होते, चांगले हलत होते, पण मळमळीमुळे सुई हातात घ्यायची इच्छाच झाली नाही. चालण्याच्या चाचण्या झाल्या. संध्याकाळी घरी आले ती भाताची पेज घेऊन झोपले.

आण्णाचा निकाल तयार होता. "ही गोळी. गोळ्याच आसं पोट ढवळत्यात. पयला दिवस बियांचा." मलाही तसंच वाटलं. यांना विचारलं तर म्हणाले, "मला काय कळतंय? तू त्या दिवशी शिवलंस, एवढंच मला म्हाईत."

अभ्यास संपल्यावर बरेच दिवस गेले. मग फोन आला. कुणाला कधी काय दिलं होतं त्या नोंदी आता उघडल्या होत्या, आपापलं काय होतं ते ज्याला हवं त्याला सांगणार होते. आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरबाई आणि चष्मेवाले सर समोर.

"तुमचा अंदाज काय?" सरांनी विचारलं.

आण्णानं छाती काढून सांगितलं, "पयला दिवस बी."

"उलटं आहे काका. पहिल्या दिवशी गोळी खरी होती. दुसऱ्या दिवशी बी."

आण्णाचा चेहरा मला बघवेना. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "म्हंजे बी चाललंच न्हाई?"

"चाललं की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळीपेक्षा लवकर चाललं. व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. पण या पुडीत कार्बिडोपा नसतं, मळमळ अडवणारं. म्हणून ताईंना उलटी झाली आणि रक्तदाब पडला. शेजारच्या पलंगावरच्या गुरुजींना मात्र बियांच्या दिवशी काही त्रास झाला नाही, ते खूश होते. त्यांनीच सांगायला सांगितलंय तुम्हाला."

"मग खरं काय?"

सर म्हणाले, "ताईंच्या बाबतीत खरं काय ते ताईंना कळलं. सगळ्यांच्या बाबतीत खरं काय, ते सगळ्यांचं एकत्र मांडल्यावर कळेल. आणि एका दिवसावरून वर्षांचं सांगता येत नाही. त्यासाठी आणखी अभ्यास लागतील. घाई केली तर आपण खोटं बोलू."

मला निराशा व्हायला हवी होती. झाली नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी ज्या दिवसाला बियांचं श्रेय देऊन बसले होते, त्या दिवशी माझ्या रोजच्याच गोळीनं मला काज घालायला लावलं होतं. म्हणजे गोळी संपलेली नव्हती. मी संपलेली नव्हते. मग रोज तसं का होत नव्हतं?

याचं उत्तर रक्ताच्या त्या तपासण्यांत मिळालं. डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला. गोळीचं औषध माझ्या रक्तात चढायचं उशिरा आणि उतरायचं लवकर. दोन गोळ्यांच्या मध्ये खोल खड्डा. त्यांनी डोस मोडून लहान लहान केले, वेळा जवळ आणल्या, जोडीला एक दुसरं औषध दिलं जे लेव्होडोपाला जास्त वेळ टिकवतं. बद्धकोष्ठावर उपाय केला, कारण पोट तुंबलं की गोळीही वाटेत अडकते. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मोठ्या मोठ्या हालचाली शिकवल्या. पाऊल मुद्दाम लांब टाकायचं, आवाज मुद्दाम मोठा काढायचा. आवाजाचं मला फार शिकवावं लागलं नाही. आम्ही कोल्हापूरचे.

हळूहळू दिवसाला आकार आला. 'ऑफ' अजून येतो, पण आता वर्दी न देता येत नाही. बारीक हातकाम मी 'ऑन'च्या तासांत करते. बाकी वेळ बेतणं आणि शिकवणं. क्लास बंद केला नाही. उलट माझी अडचण मी बायकांना पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे माझा हात थांबला की त्या घाबरत नाहीत. त्या बोलत राहतात, मी ऐकत राहते, आणि हात परत येतो. कधीकधी वाटतं, पूर्वी मी नुसती शिवत होते, आता खरं शिकवते. हात थांबलेला असतो तेव्हा तोंडानंच सांगावं लागतं, कापड कुठं ओढायचं, कुठं सोडायचं. त्यामुळे माझं मलाच नीट कळायला लागलंय की इतकी वर्षं मी काय करत होते.

आण्णाचंही एक सांगायला हवं. गावात आता कुणी कंपवातावर खाजकुइरी विचारायला आलं, की तो म्हणतो, "बी खरं हाय. पण तुझ्या बियात किती हाय त्ये तुला म्हाईत हाय का? मग आधी डॉक्टरला दाव." वैदूबाबांशी त्याचं यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि मिटलंही. मला त्याचा अभिमान वाटतो. विश्वास न सोडता शंका घ्यायला शिकणं सोपं नाही. माझा भाऊ वयाच्या पासष्टीनंतर ते शिकला.

मागच्या महिन्यात त्या महाविद्यालयातून पुन्हा विचारणा झाली. नवीन अभ्यास आहे, यावेळी बियांच्या अर्काबरोबर कार्बिडोपा. याल का? यांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं. मला ते औषध लागू पडेल की नाही, ठाऊक नाही. पण आज मी जी गोळी घेते, ती माझ्याआधी कुणीतरी आजारी माणसांनी अशीच उपाशीपोटी, ताठरलेल्या अंगानं, काय दिलंय ते माहीत नसताना घेऊन बघितली होती. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. त्यांचे आभार मानायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही.

परवा ओपीडीत बसले होते. गडहिंग्लजकडची एक बाई आतून बाहेर आली, माझ्यापेक्षा लहान, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चेहऱ्यावरून मला कळलं, तिला आत्ताच कळलंय. मी सरकून जागा केली. ती बसली आणि रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग तिनं विचारलं, "तुमाला बी ह्योच आजार हाय? किती वरसं झाली?"

"झाली पुष्कळ."

"मग तुमी काय करता वो दिवसभर?"

"ब्लाउज शिवते," मी म्हटलं. "तू सांग, तुझं काय काय करायचं राहिलंय?"

तिनं पदरानं डोळे पुसले, जरा विचार केला, आणि एकेक सांगायला लागली. यादी बरीच लांब होती. माझा नंबर पुकारला तरी मी उठले नाही.